ताईंना नॅनोकणांच्या पहिल्या टप्प्यात न्यावं का?

प्रश्न असा आहे. मोठी बहीण, वय ५८. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये आणि फुप्फुसात पसरलेला. केमोच्या दोन लाइन (एकामागून एक दिले जाणारे औषधांचे संच) झाल्या, तिसरी लागू पडली नाही. सध्या ती मुलाकडे अमेरिकेत, मेरीलँडला आहे. तिथल्या डॉक्टरांनी नॅनोपार्टिकल इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं औषध अतिसूक्ष्म कणांतून देण्याची, पहिल्या टप्प्याची चाचणी सुचवली आहे. धाकटा भाऊ पुण्याहून विचारतो: हे औषध चालतं का? तिच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना? आणि तिला चौथी स्टेज आहे हे आम्ही सांगितलेलंच नाही, मग कागदांवर सही कोणी करायची?

आधी तिन्ही उत्तरं थोडक्यात देते. औषध चालतं का, हे पहिल्या टप्प्यात कोणालाच ठाऊक नसतं. हो, हा प्रयोगच आहे, आणि चांगले डॉक्टर तो शब्द टाळत नाहीत. सही ताईंनीच करायची, दुसऱ्या कोणी नाही. आता सविस्तर. मी बावीस वर्षं कॅन्सरच्या औषधोपचारात आहे आणि त्यातली बरीच वर्षं सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये गेली आहेत, त्यामुळे पेशंटच्या बाजूने काय विचारायला हवं ते मला बऱ्यापैकी कळलं आहे.

चाचणीचा विषय काढण्याआधी एक रिपोर्ट शोधा. ताईंच्या गाठीची एमएसआय तपासणी झाली आहे का, म्हणजे गाठीतल्या पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडली आहे का ते पाहिलं आहे का? सोबत केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ आणि हर-टू या जनुकांची तपासणी झाली आहे का? गाठ एमएसआय-हाय निघाली, म्हणजे ती यंत्रणा बिघडलेली असली, तर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं मंजूर औषध आहे. अशा गाठींसाठी अमेरिकेत २०२० पासून ते पहिल्या लाइनलाच देतात. मंजूर आणि उपयोगी औषध शिल्लक असताना पहिल्या टप्प्यात जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मेरीलँडच्या डॉक्टरांनी हे पाहिलंच असेल, तरी रिपोर्ट तुमच्या हातात असू द्या. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या चार-पाच जणांचीच गाठ तशी असते. बाकीच्यांच्या गाठीत प्रतिकार करणाऱ्या टी-पेशी फारशा शिरत नाहीत, त्यामुळे नेहमीची इम्युनोथेरपी तिथे बहुतेक वेळा वाया जाते. अशा थंड गाठीत जळजळ निर्माण करावी, पेशींना आत बोलवावं, यासाठी जे अनेक मार्ग चाचपले जातात त्यातला एक म्हणजे नॅनोकण. ताईंना ही चाचणी का सुचवली असेल, याचं कारण बहुधा हेच.

पहिल्या टप्प्याचा मुख्य प्रश्न एकच असतो: माणसाला हे औषध किती देता येतं? उत्तर शोधायची जुनी रीत जिन्यासारखी आहे. तीन पेशंटना सर्वात कमी डोस. तीन किंवा चार आठवडे वाट बघायची. कोणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरच्या पायरीचा डोस. तिघांत एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तीन जण. दोघांना झाला तर तिथेच थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं. अलीकडे पुढची पायरी ठरवायला गणिती मॉडेल वापरतात, पण जिना तोच. म्हणून पहिला विचारायचा प्रश्न: ताई कितव्या पायरीवर येणार? खालच्या पायरीवर धोका कमी, पण औषधही इतकं कमी की उपयोग होण्याची शक्यता अगदी थोडी. वरच्या पायरीवर औषध भरपूर आणि धोकाही तसाच. डोस ठरून गेल्यावर त्याच डोसवर आणखी पेशंट घेतात, त्याला एक्स्पान्शन म्हणतात. तिथे जागा मिळत असेल तर ती मला सगळ्यात समाधानकारक वाटते, कारण आधीच्या लोकांनी काय सोसलं ते तोवर कळलेलं असतं.

नॅनोकणांनी या जिन्यात काय फरक पडतो, ते एका खऱ्या चाचणीवरून सांगते. योगायोगाने ती ताई राहतात त्याच राज्यात झाली, बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत.

१९७५ मध्ये न्यूयॉर्कला लॉइड ओल्ड यांच्या गटाने शरीरातल्याच एका प्रथिनाला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर असं नाव दिलं, म्हणजे गाठ कुजवणारा घटक. उंदरांतल्या गाठी त्याने खरोखर काळ्या पडून सडत. माणसांना शिरेतून दिलं तेव्हा मात्र गाठीला पुरेल इतका डोस होण्याआधीच रक्तदाब कोसळायचा. युरोपात १९९९ पासून ते एका वेगळ्या पद्धतीने वापरतात: हाता-पायातल्या सार्कोमासाठी (स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर) त्या अवयवाचा रक्तप्रवाह बाकी शरीरापासून तोडून, तेवढ्याच भागात औषध फिरवायचं. लिव्हर-फुप्फुसात पसरलेल्या आजाराला ही युक्ती चालत नाही. मग कल्पना निघाली की अवयव तोडून ठेवण्याऐवजी औषधालाच गाठीपर्यंत बांधून न्यावं.

सीवायटी-६०९१ नावाचं हे औषध म्हणजे २७ नॅनोमीटरचे सोन्याचे कण. माणसाच्या केसाच्या जाडीत असे जवळजवळ ३,००० कण ओळीने बसतील. त्यांच्या पृष्ठभागावर ते प्रथिन आणि सोबत पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे धागे, म्हणजे रक्तातल्या भक्षक पेशींनी कण लगेच गिळू नयेत म्हणून पांघरूण. पुढे गेलेल्या कॅन्सरच्या पेशंटना ते शिरेतून दिलं, १४ दिवसांच्या अंतराने दोनदा. डोस ५० मायक्रोग्रॅम प्रति चौरस मीटरपासून सुरू झाला आणि ६०० पर्यंत गेला. डोस मोजला तो सोन्याचा नव्हे, त्यावरच्या प्रथिनाचा. ही गोष्ट लहान वाटते, पण संमतीपत्रक वाचताना नेहमी बघा की डोस कशाचा लिहिला आहे, कणाचा की आतल्या औषधाचा. शरीराला दोन्ही पचवावे लागतात.

पहिल्या दोन पेशंटना तापाची किंवा ॲलर्जीची कोणतीही पूर्वतयारी न करता औषध दिलं गेलं. दोघांनाही ताप आला. अपेक्षित होता, आटोक्यातही राहिला, पण त्यानंतरच्या प्रत्येकाला आधीच तापाचं औषध आणि एच-टू ब्लॉकर (हिस्टामीनचा परिणाम रोखणारं औषध) देण्यात आलं. पहिला टप्पा म्हणजे काय, ते मला या एका गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्या दोघांच्या तापामुळे पुढच्या सगळ्यांचा त्रास टळला. तुम्ही 'प्रयोग' म्हणालात तो हा आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त ताईंना ते समजलेलं असलं पाहिजे.

पुढे काय झालं? सर्वात वरच्या पायरीवर एका वेळचा डोस १ मिलिग्रॅमच्या पुढे गेला, म्हणजे नुसत्या प्रथिनाचा जो डोस माणसाला सोसत होता त्याच्या तिप्पट. तरीही ज्या रक्तदाबाची भीती होती तो कोसळला नाही. औषध दिल्यावर २४ तासांनी गाठीचे आणि निरोगी भागाचे तुकडे काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर गाठीत सोन्याचे कण पोचलेले दिसले. निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्या प्रश्नापुरती ही चाचणी यशस्वीच म्हणायची. आणि आजपर्यंत हे औषध कॅन्सरसाठी मंजूर झालेलं नाही.

ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी मी मुद्दाम ठेवली आहेत. 'चाचणी यशस्वी' अशी बातमी येते तेव्हा घरातले लोक 'औषध गुणकारी' असं ऐकतात. डोस सोसणं, कण गाठीत पोचणं, गाठ लहान होणं आणि माणूस जास्त जगणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला टप्पा पहिलीचं उत्तर नीट देतो, दुसरीचं कधीकधी देतो, तिसरीची झलक दाखवतो. चौथीबद्दल तो काहीच बोलत नाही.

कण जातात कुठे, यावर थोडं थांबायला हवं, कारण ताईंना होणारा त्रास त्यावर अवलंबून आहे. साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडत नाही. तो रक्तात फिरत राहतो आणि बहुतेक वेळा लिव्हर आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असल्याने गळक्या असतात, तिथून कण झिरपून आत साचतात, असं १९८६ मध्ये जपानी संशोधक मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं. कॅन्सरच्या नॅनोऔषधांचा बराच डोलारा त्यावरच उभा राहिला. मात्र २०१६ मध्ये टोरांटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं की टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारा वाटा मध्यक काढला तर अवघा ०.७ टक्के. 'औषध थेट गाठीवर जातं, बाकी शरीराला काही होत नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोठा वाटा लिव्हरमध्ये जातो, आणि ताईंच्या लिव्हरमध्ये आधीच गाठी आहेत. त्यांचं बिलिरुबिन आणि लिव्हरची एन्झाइम्स किती आहेत हे म्हणूनच चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी कळीचं ठरतं.

इम्युनोथेरपीच्या बाबतीत एक आशेची बाजू आहे. केमोचं औषध गाठीतच पोचावं लागतं. प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध मात्र प्लीहेत पोचलं तरी कामाचं, कारण टी-पेशींना शत्रू कोण हे शिकवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी तिथे भरपूर असतात. जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने आरएनए (पेशीला प्रथिन बनवायचा संदेश देणारा रेणू) आणि चरबीच्या कणांवरचा विद्युतभार बदलून ते शिरेतून थेट प्लीहेकडे वळवले, ते काम २०१६ मध्ये आलं. दुसरा मार्ग म्हणजे कण सरळ गाठीत सुईने टोचायचे. मॉडर्नाच्या एमआरएनए-२७५२ मध्ये चरबीच्या कणांतून तीन प्रथिनांचे संदेश गाठीत सोडतात, म्हणजे गाठीच्या आतच प्रतिकाराची हाक उठावी. तेव्हा दुसरा प्रश्न हा विचारा: औषध शिरेतून की गाठीत? गाठीत असेल तर कोणत्या? लिव्हरमधल्या गाठीत सोनोग्राफी बघत सुई घालणं रोजचं काम आहे. फुप्फुसातल्या गाठीत घालताना छातीत हवा शिरण्याचा धोका असतो. शिवाय टोचलेली गाठ कमी झाली तरी न टोचलेल्यांचं काय, हे वेगळं बघावं लागतं.

त्रास साधारण तीन वेळी होतो. पहिल्या काही मिनिटांत: कण पाहून रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा भडकते, चेहरा लाल होतो, कंबर किंवा छाती भरून येते, श्वास लागतो. नर्स औषध थांबवते, बहुतेकदा तेवढ्याने उतरतं आणि मग ते सावकाश पुन्हा सुरू करता येतं. काही तासांत: थंडी, ताप, अंगदुखी, कधी रक्तदाब खाली. म्हणून पहिल्या डोसला एक रात्र हॉस्पिटलात ठेवतात, त्याला घाबरू नका. आणि काही आठवड्यांनी: जागी झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसांवर उठते. हा तिसरा त्रास जिन्याच्या तीन-चार आठवड्यांच्या मुदतीत मावत नाही आणि घरी असताना येतो. ताईंना दिवसातून चार-पाच जुलाब सुरू झाले तर 'काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी चाचणीच्या नंबरवर फोन करायचा. हे भाच्याला आत्ताच सांगून ठेवा.

आता आकडे, कारण तुम्हाला ते हवे असणारच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पुरस्कृत केलेल्या २००० ते २०१९ मधल्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये आला. तेरा हजारांहून जास्त पेशंट. उपचारामुळे मृत्यू ०.७ टक्के. गाठ ठळकपणे लहान होण्याचं प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत ९.६ टक्के होतं, २०१३ ते २०१९ मध्ये १८ टक्के. ही सरासरी सगळ्या प्रकारच्या औषधांची आणि सगळ्या कॅन्सरची आहे. एमएसआय-स्थिर, म्हणजे एमएसआय-हाय नसलेल्या, आतड्याच्या कॅन्सरमध्ये, एकट्या इम्युनोथेरपीला, मी घरच्यांसमोर १८ हा आकडा कधीच ठेवत नाही. त्याहून बरीच कमी अपेक्षा धरून निर्णय घ्या.

वर्तमानपत्रात आलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या आरएनए लसीबद्दलही बरेच जण विचारतात. न्यूयॉर्कची ती चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, १६ जणांना लस दिली आणि त्यातल्या ८ जणांत लसीने जाग्या केलेल्या टी-पेशी सापडल्या. फार मोलाचं काम आहे. पण त्या सगळ्यांची गाठ आधी शस्त्रक्रियेने काढलेली होती. उरल्यासुरल्या पेशी शोधणं आणि लिव्हर-फुप्फुसात भरलेल्या गाठींशी लढणं, प्रतिकारशक्तीसाठी ही दोन कामं अगदी निराळी आहेत. ती बातमी ताईंना लावू नका.

'प्रयोग' या शब्दामागची भीती मी समजू शकते. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे अँटिबॉडी औषध सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं. डोस होता प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसचा ५०० वा भाग. सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात पोचले, त्यांची प्रतिकारशक्ती एकदम उसळली होती. सुदैवाने सगळे वाचले. ते औषध नॅनोकणांचं नव्हतं, पण प्रतिकारशक्तीला डिवचणाऱ्या प्रत्येक चाचणीची रीत त्या दिवसाने बदलली. आता प्राण्यांत किती सोसलं यावर न थांबता, माणसाच्या पेशींवर अगदी किंचित परिणाम करणारा डोस कोणता, इथून हिशेब सुरू करतात, आणि नव्या पायरीवर आधी एकालाच औषध देऊन वाट बघतात. तिसरा प्रश्न त्यातूनच येतो: पायरीवरच्या पहिल्या पेशंटनंतर किती दिवस थांबता? याचं नेमकं उत्तर न देणाऱ्या केंद्रात मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त काळजी धोक्याची नसते, वेळेची असते. आधीच्या केमोनंतर साधारण चार आठवडे मोकळे जावे लागतात. मग तपासण्या, मग जागेची वाट. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक-दोनदा हेलपाटे, दिवसभर दर तासा-दोन तासांनी रक्त, औषधाआधी आणि नंतर बायोप्सी. त्या सोन्याच्या कणांचं गाठीत असणं बायोप्सीमुळेच कळलं, तेव्हा त्या उगाच नसतात, पण त्यांचा फायदा विज्ञानाला होतो, ताईंना नाही. पहिला स्कॅन साधारण आठ आठवड्यांनी. ताई स्वतःची कामं स्वतः करतात, दिवसाचा बहुतेक वेळ हिंडत्या-फिरत्या असतात? तर हे झेपेल. निम्मा दिवस अंथरुणात जात असेल तर बहुतेक चाचण्या घेणारही नाहीत, आणि मीही नको म्हणेन. तो वेळ वेदना, भूक आणि झोप सुधारण्यासाठी द्यावा, पुण्यात यायचं मनात असेल तर तेव्हाच यावं. पॅलिएटिव्ह केअरची (वेदना आणि त्रास कमी करणारी) टीम मात्र दोन्ही वाटांवर आत्ताच जोडून घ्या.

खर्चाचं एवढंच: नवं औषध आणि संशोधनासाठीच्या तपासण्या बहुतेक वेळा प्रायोजकाकडून होतात, नेहमीच्या उपचाराचा आणि गुंतागुंत झाल्यास भरती होण्याचा खर्च विम्यावर टाकला जातो. ताई व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांचा प्रवासी विमा आधीपासूनचा आजार बहुधा धरत नाही. हे लेखी विचारून घ्या. बेथेस्डाच्या सरकारी क्लिनिकल सेंटरमध्ये चाचणीतल्या पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, तेव्हा तिथे काही चालू आहे का तेही बघा. हेच औषध भारतात मिळेल का? परदेशात शोधलेल्या औषधाची माणसावरची पहिलीच चाचणी आपल्या २०१९ च्या नियमांनुसार साधारणपणे इथे होत नाही, त्यामुळे लगेच तरी नाही.

आता सहीबद्दल. ताई शुद्धीवर आहेत, त्यांना समजतं, म्हणजे संमती त्यांचीच. 'गाठ थोडी वाढली आहे' एवढंच माहीत असलेल्या माणसाची सही ही संमती नसते. तुम्ही प्रेमापोटी लपवलंत हे मी जाणते. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात हेच होतं, आणि पेशंटला ते बहुतेक वेळा आधीच उमगलेलं असतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, मुलांनी बाहेर मला हात जोडून सांगितलं, आईला काही बोलू नका. आत गेल्यावर बाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, मुलांना इतक्यात सांगू नका, त्यांना झेपणार नाही. त्या चाचणीत आल्या नाहीत. पूर्ण माहिती ऐकून, विचार करून नाही म्हणाल्या, आणि तो निर्णय त्यांचा होता.

तेव्हा कागद पुढे येण्याआधी कोणीतरी ताईंशी बोला, शक्य असेल तर तुम्हीच, फोनवर नको, व्हिडिओवर तरी. त्यांच्या डॉक्टरांना सांगा की संमतीची चर्चा मराठीतून हवी आहे. तिथल्या नियमांप्रमाणे माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि दुभाषी देण्याची जबाबदारी हॉस्पिटलची असते. भाच्याला दुभाषी करू नका. तो त्यांचा मुलगा आहे, 'हे औषध बरं होण्यासाठी नाही' हे वाक्य आलं की त्याच्या तोंडून ते निघणार नाही, आणि नेमकं तेच वाक्य ताईंनी ऐकायला हवं आहे.